घड्याळाविरुद्ध पत्त्यांचा डाव

आज पत्त्यांवर बोलणार म्हटल्याबरोबर तुमच्यापैकी काही जणांनी कपाळाला आठी घातली असेल. गावात शिकवणारा माणूस, आणि सांगतो काय, तर पत्ते खेळा! पण थोडा दम धरा. मी ज्या डावाबद्दल बोलणार आहे त्यात पैसा नाही, हरणारी जोडी नाही, एकमेकांवर कुरघोडी नाही. सगळे खेळणारे एका बाजूला आणि घड्याळ दुसऱ्या बाजूला, असा हा डाव आहे. तो कसा खेळायचा हे तर सांगतोच; पण तो खेळताना माझीच एक चूक माझ्या पदरात कशी पडली, तेही सांगणार आहे.

आमचा भाग वसई-विरारचा. इथल्या माणसाचा दिवस सूर्यावर चालत नाही, गाडीवर चालतो. 1867 सालच्या एप्रिल महिन्यात विरारहून मुंबईच्या बॅकबे स्थानकाकडे पहिली गाडी सुटली. त्या वेळी जायला एक आणि यायला एक, एवढाच कारभार होता. 1936 साली विजेची गाडी विरारपर्यंत आली. आज गाड्या पुष्कळ झाल्या, पण माणसे त्याहून पुष्कळ झाली. विरार ते चर्चगेट हे अंतर सुमारे साठ किलोमीटरांचे. सव्वा ते दीड तास डब्यात काढायचा. मग माणूस काय करणार? कोणी भजन म्हणतो, कोणी डुलकी काढतो, कोणी मटार सोलतो आणि कोणी पत्ते पिसतो.

हे पत्तेवाले तुम्ही पाहिले असतील. चौघे समोरासमोर, मांड्यांवर एक बॅग आडवी ठेवलेली, तिच्यावर वर्तमानपत्राची घडी. डाव बहुधा मेंढीकोटाचा. समोरासमोरचे दोघे भिडू, प्रत्येकाला तेरा पाने, आणि चारही दश्शा, म्हणजे मेंढ्या, आपल्या जोडीकडे ओढायच्या. घरी सुट्टीच्या दुपारी हाच डाव रमतगमत चालतो. गाडीत तसे चालत नाही. नायगाव सुटले, खाडीचा पूल आला, भाईंदर गेले. एक भिडू अंधेरीला उतरणार, दुसरा दादरला. त्याच्या आत तेरा हात झालेच पाहिजेत. म्हणून तिथे कोणी पान धरून विचार करीत बसत नाही. उतारी झाली की पान पडलेच. समोरच्या जोडीखेरीज आणखी एक प्रतिस्पर्धी तिथे बसलेला असतो, तो म्हणजे घड्याळ. आता, गर्दीत बॅग आडवी टाकून दुसऱ्याची वाट अडवणे हे काही चांगले नव्हे. ते मी उचलून धरीत नाही. पण त्या चौघांच्या हातांची ती लगबग माझ्या ध्यानात राहिली.

दुसरे एक चित्र सांगतो. निर्मळ, वाघोली, भुईगाव, आगाशी या बाजूला फुलांच्या वाड्या आहेत. मोगरा कळीत असतानाच खुडावा लागतो. उमलला की भाव उतरला. पहाटे सगळे घर उठते. एक खुडतो, एक निवडतो, एक मोजतो, एक ओले फडके टाकून पाटी बांधतो. पाटी वेळेत स्टेशनावर पोचली, तर दादरच्या फुलबाजारात चार पैसे मिळणार. अशा घरात पहाटे कोणी म्हणत नाही, की मी जास्त खुडली, मी जिंकलो. गाडी मिळाली तर सगळे जिंकले. चुकली तर सगळे हरले. जास्त खुडणारासुद्धा हरला.

ही दोन चित्रे शेजारी ठेवली आणि मनात आले, पत्त्यांचा असा डाव का असू नये? वाडीतल्या पहाटेसारखा, की जिथे सगळ्यांचा मिळून एकच भिडू होतो?

अशी कल्पना मलाच सुचली असे मात्र नाही. बाहेरच्या देशांत असे डाव आता चांगले रुळले आहेत. आंत्वान बोझा नावाच्या फ्रेंच माणसाने ‘हानाबी’ नावाचा पत्त्यांचा डाव रचला. त्यात आपली पाने आपण पाहायची नाहीत, ती दुसऱ्यांकडे तोंड करून धरायची, आणि दुसऱ्यांनी मोजक्या खुणा देऊन आपल्याला वाट दाखवायची. सगळ्यांनी मिळून पाच रंगांची पाने एक ते पाच अशी ओळीने लावायची. जर्मनीत ‘वर्षाचा खेळ’ म्हणून जो मोठा मान दिला जातो, तो 2013 साली या डावाला मिळाला. पुढे 2017 साली ‘फाइव्ह मिनिट डन्जन’ नावाचा डाव बाजारात आला. त्यात दोन ते पाच जण एकाच बाजूचे. तलवार, ढाल, बाण अशा चिन्हांची पाने भराभर टाकून वाटेतली संकटे दूर करायची आणि शेवटच्या राक्षसाला पाडायचे. आणि हे सारे पाच मिनिटांत. पाळी नाही, थांबणे नाही. पाच मिनिटे संपली की सगळेच हरले.

आणि पत्ते ही वस्तूही आपल्याला नवी नाही. बाबर बादशहाने 1527 साली सिंधमधल्या आपल्या स्नेह्याला गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्याच आत्मवृत्तात आहे. आपल्या सावंतवाडीला गोल गंजिफा आजही हाताने रंगवतात. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगाची बारा पाने, मिळून एकशेवीस. म्हणजे मत्स्य-कूर्म-वराह हातात धरून माणसे खेळत होती. पान वाईट नसते. पानावर काय लावता, यावर सारे ठरते.

आता डाव सांगतो. शिक्षक बंधुभगिनींनी कागद-पेन्सिल घ्यावी.

पहिला डाव चौघांचा. तुम्हांला बदाम सात ठाऊकच आहे. बदामाच्या सत्तीपासून सुरुवात. वर अठ्ठी, नव्वी करीत राजापर्यंत, खाली छक्की, पंजी करीत एक्क्यापर्यंत. बाकीच्या रंगांच्या सत्त्या शेजारी पडतात. नेहमीच्या खेळात आपण काय करतो? मुद्दाम पान दाबून ठेवतो आणि दुसऱ्याला अडवतो. आपल्या डावात अडवायचे नाही. नियम चारच. एक: पाळी नाही, ज्याचे पान लागते त्याने टाकावे. दोन: एकाच माणसाने लागोपाठ दोन पाने टाकायची नाहीत, मध्ये दुसऱ्याचे पान पडलेच पाहिजे. तीन: लागणारे पान नुकतेच टाकणाऱ्याच्याच हातात अडकले, तर ते त्याने शेजाऱ्याला द्यावे आणि शेजाऱ्याने टाकावे. चार: ज्याचा हात रिकामा झाला त्याने उठून जायचे नाही, ज्याच्याजवळ जास्त पाने आहेत त्याच्याकडून एक मागून घ्यायचे आणि पुढे खेळायचे. बावन्न पाने पाच मिनिटांत लागली तर सगळे जिंकले. जमले की चार मिनिटे करा, मग तीन. त्यानंतर तोंड बंद ठेवून खेळा.

यातला चौथा नियम मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे हुशार मुलाचे गणित आधी सुटते, मग तो हाताची घडी घालून बसतो, आणि आपण त्याला शाबासकी देतो. इथे ज्याचे काम आधी झाले, त्याला मागे वळून बघावे लागते.

दुसरा डाव सगळ्या वर्गाचा, अंगणात खेळायचा. पटावरच्या मुलांना चारने भागा. चाळीस मुले असतील, तर राजा, राणी, गुलाम ही बारा पाने बाजूला काढा. एक्का ते दश्शी अशी बरोबर चाळीस पाने उरतात. छत्तीस मुले असतील तर दश्शाही काढा. भागून जी एक-दोन मुले उरतील ती घड्याळ सांभाळतील. प्रत्येकाला एक पान द्या. शिट्टी वाजली की प्रत्येक मुलाने आपले पान छातीशी धरायचे आणि चारही रंगांच्या चार रांगा, एक्क्यापासून ओळीने, करायच्या. बोलायचे नाही, ढकलायचे नाही. वेळ तीन मिनिटे.

मी हा डाव आमच्या वर्गात सुरू केला तेव्हा मुले खुलली. पण तीन मिनिटांत रांगा काही लागेनात. का लागत नाहीत, हे सगळ्यांना दिसत होते. एक मुलगा मागे राहायचा. फुलवाडीवाल्यांच्या घरचा, अबोल. तो प्रत्येकाच्या अगदी पुढ्यात जाऊन पान बघायचा. किलवरच्या रांगेत जायच्या ऐवजी इस्पिकच्या रांगेत शिरायचा. मुले दातओठ खायची. बोलायची बंदी होती म्हणून, नाहीतर बोललीच असती. आणि डाव संपल्यावर बोललीच. “गुरुजी, याला बाजूला बसवा, मग बघा.”

खरे सांगायचे तर माझ्याही मनात तेच होते. फळ्यावरचे उतरवून घेण्यात हा मुलगा नेहमी मागे. वर्षभर मी त्याला ‘आळशी’ म्हणत आलो होतो. एकदा तर सगळ्या वर्गासमोर म्हणालो होतो.

दोन दिवसांनी त्याची आजी शाळेत आली. दारातच उभी राहिली. म्हणाली, “गुरुजी, पोरांच्या हातात पत्ते दिलेत म्हणे?”

मी म्हटले, “आजी, आत या, बसा. पैशाने नाही खेळत आम्ही.”

आजी आत आली, पण बसली नाही. म्हणाली, “आमचे हेसुद्धा पहिल्यांदा आगपेटीच्या काड्याच लावत होते. मग गोकुळाष्टमीच्या रात्रीला पैसे. मग रोजच. विहिरीकडची अर्धी वाडी गेली. तीन पत्त्यांनी गेली, गुरुजी. माझ्या घरात पत्ता येत नाही. पोरगा घरी येऊन इस्पिक-किलवर बोलायला लागला, माझ्या पोटात गोळा आला.”

आता यावर मी काय बोलणार? माझ्याजवळ उत्तर होते. 1887 सालच्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्यातसुद्धा निव्वळ कौशल्याचा खेळ जुगारात धरलेला नाही, हे मला ठाऊक होते. पण जिची अर्धी वाडी गेली तिला कायद्याचे कलम सांगून काय उपयोग? तिचे म्हणणे खोटे नव्हते. मी म्हटले, “आजी, उद्यापासून हे पत्ते माझ्या वर्गात दिसणार नाहीत.”

पण डाव सोडवेना. दुसऱ्या दिवशी मुलांना सांगितले, घरात जुन्या लग्नपत्रिका असतील त्या आणा. पत्रिकेचा कागद जाड, पाठ कोरी. आम्ही छत्तीस तुकडे कापले. इस्पिक, बदाम, चौकट, किलवर सगळे काढून टाकले. त्यांच्या जागी आमच्या गावची चार चिन्हे घेतली: पिवळे केळे, निळा मासा, लाल फूल आणि हिरवी होडी. मुलांनी रंगवले. आणि मुलांचे काम ते. आकडे काढले ते हातभर मोठे, सगळे पान व्यापून टाकणारे.

त्या दिवशी पुन्हा अंगणात डाव मांडला. शिट्टी वाजली. मी त्याच मुलाकडे बघत होतो. त्याच्या हातात माशाची पंजी होती. त्याने एकदा सगळीकडे नजर फिरवली आणि सरळ चालत जाऊन माशाच्या चव्वीशेजारी उभा राहिला. एवढेच नव्हे, तर पलीकडे घोटाळलेल्या एका मुलाला हाताने खूण करून त्याने केळ्यांच्या रांगेकडे वळवले. तीन मिनिटांच्या आत चारही रांगा लागल्या. मुलांनी एकच गिल्ला केला.

मी मात्र तिथेच उभा राहिलो. मुलगा तोच, डाव तोच, वेळ तीच. बदलले होते ते फक्त पानांवरचे आकडे. बाजारच्या पत्त्यांवर कोपऱ्यातला आकडा बारीक. इस्पिक काळे, किलवरही काळे. चार हातांवरून त्याला ते दिसतच नव्हते. मग फळा तरी कसा दिसत असणार? वर्षभर तो पुस्तक नाकाशी धरून वाचत होता आणि मी म्हणत होतो, नीट बस.

शाळेत आरोग्य तपासणीचे पथक येऊन गेले होते, पण त्या दिवशी हा मुलगा गैरहजर होता आणि मी मागाहून चौकशी केली नव्हती. श्रोतेहो, बालकांच्या तपासणीचा ‘राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम’ 2013 सालच्या फेब्रुवारीत सुरू झाला, तो आपल्या पालघरमधूनच. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी तो आहे. योजना दाराशी होती. बघायचे राहिले ते माझे.

मी संध्याकाळी आजीच्या घरी गेलो. ओटीवर बसून ती कळ्या मोजत होती. मी म्हटले, “आजी, नातवाचे डोळे तपासून घ्यायला हवेत. आणि मी त्याला आळशी म्हणत होतो, ते चुकले माझे.”

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “मीसुद्धा म्हणत होते, गुरुजी. पहाटे कळ्या खुडताना निम्म्या झाडावरच ठेवतो, म्हणून रोज ओरडत होते.”

मुलाला चष्मा लागला. लांबचे दिसत नव्हते, एवढाच काय तो आजार. आता तो फळ्यावरचे इतरांबरोबर उतरवतो. फार हुशार झाला, पहिला आला, असे काही मी सांगणार नाही; तसे झालेले नाही. पण त्याला आळशी म्हणायचे आम्ही सोडले, आणि तोही आता बाजूला बसत नाही.

म्हणून शिक्षकांना माझे एवढेच सांगणे आहे. घड्याळ लावून डाव खेळवा, पण घड्याळाकडे बघू नका, मुलांकडे बघा. घाईत माणूस आपली अडचण लपवू शकत नाही. कोणाला दिसत नाही, कोणाला ऐकू येत नाही, कोणाला आकडा अजून ओळखता येत नाही, कोण नुकता परगावाहून आला आहे आणि त्याला शब्दच कळत नाही, हे तीन मिनिटांत समोर येते. एखादे मूल सारखे मागे पडत असेल, तर त्याला बाजूला बसवण्याआधी पान बदलून बघा. आकडा मोठा करा, चिन्ह बदला, जागा बदला. मग ठरवा. आणि मुले एखाद्यावर चिडू लागली, तर घड्याळ खिशात घाला. घड्याळ हे गंमत म्हणून आहे, चाबूक म्हणून नव्हे.

पालकांना आणखी एक सांगतो. घरात पत्त्यांमुळे कोणाचे काही गेले असेल, तर त्या माणसाची भीती हसण्यावारी नेऊ नका. लग्नपत्रिकांची पाने करा, त्यांवर आपापल्या गावची चिन्हे काढा. समुद्रकाठी मासा काढाल, डोंगरात मोहाचे फूल काढाल, घाटावर ज्वारीचे कणीस काढाल. आणि पान कोणतेही असो, त्यावर पैसा लावायचा नाही; काडीसुद्धा नाही. हा नियम मी आजीकडून घेतला आहे आणि आमच्या वर्गाच्या भिंतीवर तो लिहून ठेवला आहे.

पावसाळ्याचे दिवस असतील, वीज गेलेली असेल, सगळे घर एका दिव्याभोवती बसलेले असेल, अशा वेळी बदाम साताचा हा डाव एकदा मांडून बघा. मोठ्यांनी लहानांचे पान हिसकावून टाकायचे नाही, एवढे मात्र पाळा. ज्याचा हात आधी रिकामा होईल, त्याने शेजाऱ्याकडे एक पान मागावे.

आमची आजी अजून पानांना हात लावीत नाही. पण शाळेवरून जाताना अंगणात डाव चाललेला दिसला, की कुंपणाशी थांबते आणि विचारते, “लागली का गाडी?” पोरे ओरडून सांगतात, “लागली, आजी!” किंवा, “चुकली!” चुकली असे ऐकले की ती म्हणते, “पुढची पकडा,” आणि पाटी सावरून स्टेशनाच्या वाटेला लागते.